मोठ्या गाडीत माणूस वाचतो तो कशामुळे?

नगर शहरात, सावेडीत पाइपलाइन रोडवर किंवा गुलमोहर रोडवर संध्याकाळी थोडा वेळ उभं राहिलं, की स्कॉर्पिओ, बोलेरो, थार, फॉर्च्युनर अशा उंच गाड्यांची रीघ दिसते. त्या घेण्यामागची कारणं समजण्यासारखी आहेत. मनमाड रस्त्यावरून राहुरी, शिर्डी, कोपरगावकडे कायमचं जाणं-येणं असतं, गावाकडच्या शेतापर्यंत कच्चा रस्ता असतो, पावसाळ्यात खड्डे असतात आणि घरात माणसंही जास्त असतात. पण मालकाला विचारलं तर तो यातलं काही सांगत नाही. बॉनेटवर थाप मारून म्हणतो, "पत्रा बघा. रणगाडा आहे रणगाडा!"

ही उपमा नगरकरांना उगाच सुचत नाही. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथे आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथे आहे, रणगाड्यांचं संग्रहालय १९९४ पासून आहे. संरक्षण खात्यासाठी वाहनं घडवणारी आणि तपासणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्थाही इथल्याच वाहननगरात आहे. पोलादी गाड्या पाहत लहानाचं मोठं झालेलं हे शहर आहे. तरीही अपघाताच्या बाबतीत ही उपमा माणसाला चुकीच्या दिशेला नेते. रणगाड्याचं चिलखत गोळ्याला आत शिरू देत नाही. रस्त्यावरच्या धडकेत मात्र बाहेरून काही आत शिरण्यापेक्षा आतल्या माणसाचा वेग क्षणात शून्यावर येणं जास्त घातक असतं. ही दोन वेगळी संकटं आहेत आणि त्यांचे उपायही बऱ्याच अंशी एकमेकांच्या उलट आहेत.

आधी पत्र्याचं बघू. आपण बोटाने वाजवून पाहतो तो बाहेरचा पत्रा बहुतेक गाड्यांत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. दोन कोटींच्या गाडीतही तो फार जाड नसतो. धडकेत त्याचा वाटा जवळजवळ नाही. काम करतात ते आतले बीम, दांडे आणि खांब, आणि ते शोरूममध्ये उभ्या गाडीत दिसतच नाहीत. त्यामुळे दार लावताना येणाऱ्या 'धप्प' आवाजावरून गाडीची सुरक्षितता ठरवण्यात काही अर्थ नाही.

आता धडकेचा हिशेब. ताशी ६४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १८ मीटर. या वेगातली गाडी अडथळ्यावर आदळली आणि पुढचा भाग ६० सेंटिमीटर चुरगळून थांबली, तर थांबायला तिला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. त्या वेळात आतल्या माणसावर सरासरीने त्याच्या वजनाच्या सत्तावीस पट बल येतं. सत्तर किलोच्या माणसासाठी हे जवळजवळ एकोणीसशे किलोचं ओझं झालं. पट्टा छातीवर आणि कमरेच्या हाडावर नीट बसलेला असेल, तर निरोगी शरीर एवढं ओझं एवढ्या अल्पकाळ सोसू शकतं. आता हीच गाडी 'दणकट' म्हणून फक्त १५ सेंटिमीटर चुरगळली असं धरा. बल चौपट होतं, सात टनांच्या वर जातं. गाडी दुरुस्त होईल, माणूस नाही. बांधकामावर खालून फेकलेली वीट झेलताना गवंडी हात विटेबरोबर मागे नेतो, तो का नेतो हे त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. गाडीच्या पुढच्या भागाचं काम तेच आहे.

ही कल्पना मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांची. गाडीचा मधला भाग ताठ ठेवायचा आणि पुढचा-मागचा भाग ठरवून मऊ ठेवायचा, याचं पेटंट त्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मिळवलं, आणि १९५९ मध्ये त्या पद्धतीची गाडी बाजारात आली. त्याच वर्षी व्होल्वोचे निल्स बोलिन यांनी तीन टोकांचा सीटबेल्ट आणला. आज आपल्या रस्त्यांवर धावणारी प्रत्येक सुरक्षित गाडी या दोन कामांवर उभी आहे. एअरबॅग पुष्कळ नंतर आली आणि ती या दोघांची मदतनीस आहे.

धडकेच्या आत डोकावायचं तर सेकंदाचे हजार भाग करावे लागतात. पहिल्या दहा-पंधरा भागांत पुढच्या बंपरमागचा आडवा बीम वाकतो आणि त्याच्या मागे दोन्ही बाजूंना असलेले आखूड चौकोनी डबे, ज्यांना क्रॅश बॉक्स म्हणतात, ते घडी घडी पडत दबतात. त्यांच्यावर मुद्दाम खाचा पाडलेल्या असतात, म्हणजे ते कुठे आणि कोणत्या क्रमाने मोडायचे हे आधीच ठरलेलं असतं. याच काळात सेन्सरकडून संगणकाला वेग घटण्याची चाल कळते. पंधरा ते तीस हजारांशाच्या दरम्यान तो निर्णय घेतो की हा खड्डा नाही, धडक आहे. लगेच सीटबेल्टच्या रिळातला छोटा स्फोट पट्टा मागे खेचून शरीर सीटला घट्ट आवळतो. एअरबॅग उघडते आणि पुढच्या तीसेक हजारांशात भरते. तोवर क्रॅश बॉक्सच्या मागचे लांब दांडे दबू लागलेले असतात. इंजिन मागे सरकतं. चालकाची छाती एअरबॅगला टेकते तेव्हा पट्टा थोडा सैल सोडला जातो, म्हणजे बरगड्यांवरचा दाब एका मर्यादेपुढे जात नाही. स्टीअरिंगचा दांडा आत दबतो. एअरबॅगला भोकं असतात आणि ती आता रिकामी होऊ लागते. शंभर-सव्वाशे हजारांशांत सगळं थांबतं. पापणी लवायला लागतो तेवढाच हा वेळ.

या सगळ्यात प्रवाशांची जागा, म्हणजे पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब, दारांमधले खांब, दाराखालचा उंबरठा, छताच्या कडा आणि पायांपुढची भिंत, हिला मात्र मोडायची परवानगी नाही. इथे खरं दणकट पोलाद वापरतात. बोरॉन मिसळलेलं पोलाद ९०० अंशांच्या आसपास लालभडक तापवून थंड साच्यात दाबलं, की साध्या पोलादाच्या कित्येक पट ताकदीचा भाग मिळतो. दोन दारांमधला खांब असा बनवलेला असेल, तर बाजूने धडकलेल्या गाडीला तो आत येऊ देत नाही. बाजूच्या धडकेत माणूस आणि दार यांच्यामध्ये वितभर जागा असते. तिथे चुरगळायला वावच नाही, म्हणून बाजूला ताठपणा हवा आणि पुढे मऊपणा हवा. एकाच गाडीत हे दोन्ही गुण योग्य जागी असणं, यालाच मी मजबूत गाडी म्हणतो.

इथे उंच, जड ऑफ-रोड गाड्यांची एक खास अडचण येते. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, फॉर्च्युनर यांच्या खाली वेगळी चॅसी असते. दोन लांब पोलादी दांडे, त्यांना जोडणारे आडवे दांडे, आणि वर रबरी बैठकांवर बोल्टने बसवलेली बॉडी. डोंगरात, चिखलात, ओझं ओढताना ही रचना उत्तम. चाक खड्ड्यात गेलं तरी बॉडी पिळत नाही. पण समोरून धडक बसली की जुन्या पद्धतीचे सरळ, जाड दांडे चटकन मोडत नाहीत आणि धक्का सरळ मागे पोचवतात. वरची बॉडी मात्र स्वतःच्या वजनाने पुढे जाऊ पाहते. जोडबोल्टवर ताण येतो, पायांपुढची भिंत आत येते, पुढचा खांब मागे सरकतो. म्हणजे जिथे मऊ हवं तिथे कडक, आणि जिथे कडक हवं तिथे मऊ, असं उलटं होऊन बसतं.

हे होतं का, याची उत्तरं चाचण्यांनी दिली आहेत. ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१६ मध्ये एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ तपासली, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षिततेत तिला पाचपैकी एकही तारा मिळाला नाही. एप्रिल २०२४ मध्ये बोलेरो निओला एकच तारा मिळाला, आणि तिच्या सांगाड्यावर व पाय ठेवायच्या जागेवर 'अस्थिर' असा शेरा आला. हीसुद्धा चॅसीवरचीच गाडी. पण म्हणून चॅसीलाच दोष देता येत नाही. त्याच कंपनीची चॅसीवरचीच स्कॉर्पिओ-एन डिसेंबर २०२२ मध्ये पाच तारे घेऊन आली आणि थार रॉक्सने नोव्हेंबर २०२४ मध्ये भारत एनकॅप या देशी चाचणीत पाच तारे मिळवले. फरक नियोजनात आहे. नव्या चॅसीचं पुढचं टोक ठरलेल्या ठिकाणी दबावं म्हणून घडवलेलं असतं, धक्का बॉडीच्या वरच्या कडांनीही वाटून घेतलेला असतो, आणि खांबांना ते तापवून दाबलेलं पोलाद असतं. बाहेरून दोन गाड्या सारख्याच रांगड्या दिसतात. नाव सारखं असूनही आतली गाडी वेगळी असू शकते, म्हणून तारे पाहताना गाडीचं नुसतं नाव पाहू नये. कोणत्या सालचं, कोणतं मॉडेल तपासलं होतं, हेही वाचावं.

चाचणी कशी होते, हेही एकदा नीट पाहण्यासारखं आहे. भारत एनकॅप ही आपली योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्या तिच्यात येतात. कंपनीने स्वतःहून गाडी द्यायची असते, सक्ती नाही. ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या ॲल्युमिनियमच्या भिंतीवर आदळवतात, आणि तीही अख्ख्या तोंडाने नव्हे, चालकाच्या बाजूच्या ४० टक्के रुंदीनेच. कारण दोनपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करताना समोरासमोर येणाऱ्या गाड्या बहुधा अशाच अर्ध्यामुर्ध्या भिडतात. एकाच दांड्यावर सगळा भार आला की सांगाड्याची खरी परीक्षा होते. बाजूने ताशी ५० किलोमीटरने चाकांवरची भिंत येऊन धडकते. वरच्या ताऱ्यांसाठी गाडीला ताशी २९ किलोमीटरने बाजूनेच खांबावर नेतात. आत बसवलेल्या बाहुल्यांच्या मानेत, छातीत, मांडीत, पोटऱ्यांत मोजणी करणारी साधनं असतात. बाहुलीच्या छातीचा पिंजरा किती मिलिमीटर दबला यावर गुण ठरतात.

या चाचणीतली एक गोष्ट मोठ्या गाडीच्या मालकाने विशेष लक्षात घ्यावी. न हलणाऱ्या भिंतीपुढे वजनाचा काही फायदा होत नाही, उलट तोटा होतो. बावीसशे किलोच्या गाडीत ताशी ६४ च्या वेगाला जेवढी ऊर्जा असते ती नऊशे किलोच्या गाडीपेक्षा अडीचपट असते, आणि ती सगळी तिच्याच सांगाड्याला पचवावी लागते. पुलाचा कठडा, वडाचं झाड, रस्त्याकडेचा दगडी बांध हे तुमच्या गाडीचं वजन पाहून मागे सरत नाहीत. वेगाचं तर आणखी वाईट. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ६४ ऐवजी ९० चा वेग असेल तर ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. पाच तारे ६४ ला मिळालेले असतात. समृद्धी महामार्गावर काटा १२० ला असतो, तेव्हा ते तारे कशाची हमी देतात याचा विचार प्रत्येकाने करावा.

वजनाचा फायदा होतो तो दोन गाड्या समोरासमोर भिडतात तेव्हा, आणि तो कुणाच्या तरी पदरचा असतो. बावीसशे किलोची एसयूव्ही आणि नऊशे किलोची छोटी गाडी, दोन्ही ताशी ५० ने समोरासमोर आल्या आणि अडकून एकत्र राहिल्या, तर दोन्ही मिळून एसयूव्हीच्या दिशेने ताशी साधारण २१ किलोमीटरने पुढे जातात. एसयूव्हीचा वेग ५० वरून २१ झाला, म्हणजे २९ चा बदल. छोट्या गाडीचा वेग ५० वरून शून्य होऊन उलट दिशेला २१ झाला, म्हणजे ७१ चा बदल. शरीराला लागतो तो हा बदल. त्यातच एसयूव्हीचे दांडे उंचावर असले तर छोट्या गाडीच्या दांड्यांच्या वरून जाऊन ते सरळ तिच्या काचेपर्यंत पोचतात. आपल्या मोठ्या गाडीची सुरक्षितता समोरच्या कुटुंबाच्या वाट्याची आहे, हे जाणून चालवणाऱ्याने वेग कमी ठेवला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आणि मनमाड रस्त्यावर आपण सर्वांत मोठे नसतो. वरच्या गणितात छोट्या गाडीच्या जागी एसयूव्ही ठेवा आणि एसयूव्हीच्या जागी तीस टनांचा भरलेला ट्रक. दोन्ही ५० ने भिडले तर ट्रकचा वेग सातेक किलोमीटरने घटतो, एसयूव्हीच्या वेगात ९३ किलोमीटरचा बदल होतो.

नगर जिल्ह्यात याहूनही जास्त भीती वाटावी अशी धडक वेगळीच आहे. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले, की रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना लाल परावर्तक, आणि टायर फुटला की तिथेच उभ्या. भरधाव गाडी मागून त्यांच्याखाली घुसते. बंपर, क्रॅश बॉक्स, दांडे हा सगळा बंदोबस्त जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. ट्रॉलीचा किंवा ट्रकचा पाटा त्याच्या बराच वर. त्यामुळे गाडीचा चुरगळायचा भाग ट्रॉलीखालून मोकळा जातो आणि पहिली खरी धडक बसते ती काचेला आणि छताच्या खांबांना, म्हणजे माणसाच्या छाती-डोक्याच्या उंचीवर. सेन्सरला झटका उशिरा कळतो, एअरबॅग उशिरा उघडते. पाच तारे असलेली गाडीही अशा धडकेत फारसं काही करू शकत नाही. ट्रकमागे खाली आडवा दांडा बसवणं म्हणूनच कायद्याने आवश्यक आहे, त्यासाठी भारतीय मानकही आहे, आणि रिकाम्या ट्रकला तो जमिनीपासून ५५ सेंटिमीटरपेक्षा उंच असू नये असा नियम आहे. ट्रॉल्यांमागे तो क्वचितच दिसतो. लाल परावर्तक पट्ट्यांचा खर्च अगदी किरकोळ आहे, आणि एका गाडीतल्या सगळ्या माणसांचा जीव त्यावर अवलंबून असतो. कारखान्याच्या गेटवर वजनकाट्याआधी ट्रॉलीची मागची बाजू तपासली गेली, तर हंगामातले किती तरी अपघात टळतील.

उंचीची दुसरी किंमत म्हणजे गाडी उलटणं. चाकांमधलं अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची यांवरून गाडी किती सहज कलंडेल हे ठरतं. अंतराला दुप्पट उंचीने भागलं, की साध्या मोटारीसाठी आकडा १.४ च्या आसपास येतो. उंच गाडीसाठी तो १.१ च्या आसपास असतो. टपावर कॅरिअर आणि त्यावर सामान लादलं की आणखी खाली. कोरड्या डांबरावर टायर त्याआधीच घसरतात, म्हणून नुसत्या वळणाने गाडी सहसा उलटत नाही. पण घसरत जाताना चाक साइडपट्टीच्या खाली उतरलं, मातीत रुतलं किंवा दुभाजकाला अडलं, की ते आधारबिंदू होतं आणि गाडी कोलांटी खाते. आपल्याकडे डांबराचा थर वाढत जातो आणि साइडपट्टी वितभर खाली राहते, तिथे हे नेमकं घडतं. अशा वेळी छताचे खांब महत्त्वाचे. थारमध्ये २०२० पासून आत रोल केज दिलेली आहे ती याचसाठी. इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी घसरण्याआधीच सरळ करते, आणि माझ्या मते उंच गाडी घेताना सनरूफपेक्षा आधी तिची चौकशी करावी. उलटलेल्या गाडीत माणसं बहुतेकदा छत दबून नव्हे, तर पट्टा नसल्यामुळे बाहेर फेकली जाऊन दगावतात.

आता पुन्हा वाहननगरकडे वळू, कारण खऱ्या चिलखती गाडीत माणूस कसा वाचवतात हे समजलं की वरचं सगळं अधिक स्पष्ट होतं. व्हीआरडीईने टाटांबरोबर 'व्हॅप' नावाची आठ चाकांची, पाण्यावर तरंगणारी चिलखती गाडी विकसित केली. ती २०१४ च्या डिफेक्स्पो प्रदर्शनात लोकांपुढे आली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मोरोक्कोत तिचा कारखानाही सुरू झाला. अशा गाड्यांपुढचा मोठा प्रश्न जमिनीतल्या सुरुंगाचा असतो. स्फोटाचा लोट खालून येतो. तळ सपाट असेल तर तो लोट पूर्ण अंगावर घेतो. म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्पिर गाडीपासून सुरुंगरोधक वाहनांचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा निमुळता ठेवण्याची पद्धत रूढ झाली, म्हणजे लोट दोन्ही बाजूंना वळतो. पण एवढ्याने भागत नाही. तळ फुटला नाही तरी तो हजारांश सेकंदात वर उसळतो, आणि त्यावर पाय टेकवून बसलेल्या जवानाच्या घोट्यांचा व मणक्याचा चुरा होऊ शकतो. म्हणून सीट जमिनीला न ठोकता छताला किंवा भिंतीला टांगतात, तिच्या आधारात हळूहळू दबणारा भाग असतो, पाय जमिनीवर नव्हे तर वेगळ्या पायरीवर ठेवायचे असतात, आणि पट्टा चार टोकांचा असतो. म्हणजे चिलखताच्या आतही माणसाला वाचवतं ते 'हळूहळू थांबवणं'च. फरक एवढाच, की इथे गाडीचं तोंड चुरगळत नाही, सीटचा आधार दबतो.

१ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांचा चालक मृत्युमुखी पडले. ते साध्या खासगी वाहनातून चालले होते. तिथे चिलखताचा अर्थ कळतो. पण दुसरी बाजूही आहे. इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकी सैन्याच्या सुरुंगरोधक गाड्या उंच आणि जड असल्याने इतक्या वेळा उलटल्या, की उलट्या गाडीतून बाहेर पडण्याचा सराव देणारी गोल फिरणारी यंत्रं बनवावी लागली. सैनिकांना पहिली शिकवण होती पट्टा लावण्याची.

नुसती मोठी गाडी पुरत नाही, हे आपल्याकडे दोन अपघातांनी दाखवलं. १४ ऑगस्ट २०२२ रोजी पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे यांची फोर्ड एंडेव्हर पुढच्या अवजड वाहनावर आदळली आणि त्यांचा मृत्यू झाला. चॅसीवरची, भक्कम, मोठी गाडी. तीन आठवड्यांनी, ४ सप्टेंबरला, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज जीएलसी कठड्यावर आदळली. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेल्या दोघांचा मृत्यू झाला, आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. गाडी एकच, सांगाडा एकच, वेग एकच.

कारण धडक एक नसते, तीन असतात. पहिली गाडीची अडथळ्याशी, दुसरी शरीराची गाडीच्या आतल्या भागांशी, तिसरी मेंदू, यकृत, हृदय यांची शरीराच्याच भिंतींशी. पट्टा लावलेला माणूस गाडीबरोबर ते ६० सेंटिमीटर अंतर थांबत जातो. न लावलेला माणूस गाडी थांबत असताना त्याच जुन्या वेगाने पुढे उडत राहतो, आणि गाडी जवळजवळ थांबल्यावर समोरच्या सीटवर, खांबावर किंवा काचेवर आदळतो. गाडीने चुरगळून मिळवलेला सगळा वेळ त्याच्या उपयोगाला येत नाही. मागचा सत्तर किलोचा माणूस असा सुटला, तर पुढे पट्टा लावून बसलेल्या माणसाच्या पाठीवर तो टनांच्या बलाने आदळतो. म्हणजे पट्टा टाळणं ही एकट्याची बाब राहत नाही. एअरबॅगही पट्टा गृहीत धरूनच आखलेली असते. पट्ट्याशिवाय पुढे झुकलेलं डोकं ती भरत असतानाच तिला भेटतं, आणि तेव्हा ती उशी नसते, तो फटका असतो.

चांगल्या गाडीची ही सगळी आखणी आपणच हौसेने बिघडवतो. पुढे लोखंडी पाइपचे गार्ड बसवले की धक्का क्रॅश बॉक्सला चुकवून थेट दांड्यांवर जातो, सेन्सरला दिसणारी धडकेची चाल बदलते, आणि पायी चालणाऱ्याचं एरवी न मोडणारं हाडही मोडतं. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना असे गार्ड काढायला लावण्याची सूचना दिली. तरी ते सर्रास विकले जातात. पट्ट्याचा अलार्म बंद करणाऱ्या नुसत्या क्लिपा मिळतात. सीटच्या कडेला लपवलेली बाजूची एअरबॅग जाड कव्हराखाली गाडून टाकली जाते.

म्हणून एक विनंती. घरासमोर जी मोठी गाडी उभी असेल, तिचं मागचं दार आजच उघडा. मागच्या सीटचे पट्टे फटीत गेले असतील किंवा नव्या कव्हराखाली बकल झाकले गेले असतील, तर कव्हर कापून ते बाहेर काढा. शिर्डीला निघा किंवा प्रोफेसर कॉलनी चौकापर्यंत जा, मागे बसलेल्या आजीचा आणि नातवंडांचा पट्टा लावल्याशिवाय चावी फिरवू नका.